पट्टीवरचं तीन-बारा

आमचे बाबा फोनवर बोलत नसत, फोनवर वाचून दाखवत. पावसाळ्याचे चार महिने रोज सकाळी आठला ते गावाबाहेरच्या पुलाखाली उतरायचे, काठाच्या खालच्या-वरच्या दोन खांबांवर रंगवलेली पट्टी बघायचे, पाणी कोणत्या रेघेवर आहे ते वहीत लिहायचे आणि घरी येऊन तालुक्याच्या ऑफिसला फोन लावायचे. शेती होतीच, कपाशीची आणि तुरीची. पण गावात त्यांना पट्टीवाले म्हणूनच ओळखत. हे काम त्यांच्याकडे माझ्या जन्माच्या आधीपासून होतं.

तो फोन ऐकण्यासारखा असे. आधी गावाचं नाव. मग "सकाळ, आठ." मग "तीन आकडे हायेत, लिहा." मग एकेक आकडा सुटा करून, मध्ये श्वास घेऊन: "एक. शून्य. चार." आणि शेवटी, "आता मले वाचून दाखवा." पलीकडच्यानं वाचून दाखवल्याशिवाय ते फोन ठेवत नसत, मग तो कितीही चिडो.

याला कारण घडलं होतं. एकदा ऑफिसात बाहेरगावचा नवा बाबू आला, मराठीत कच्चा. बाबांनी त्याला "एक मीटर पंचवीस" सांगितलं. आपण पंचवीस म्हणताना पाच आधी म्हणतो आणि वीस मागून. त्या बिचाऱ्यानं ऐकलं तसं लिहिलं, एक, पाच, दोन, आणि नदी कागदावरच वीतभर चढली. बाबांना ऑफिसात जाऊन ते निस्तरावं लागलं. तेव्हापासून त्यांचा नियम झाला: मोठा आकडा आधी, बारका मागून, सगळे सुटे, आणि किती आकडे येणार ते आधीच सांगायचं. आई म्हणायची, "हे तं सोयरिकीचा निरोप बी आकड्यातच देतीन."

पुढं यवतमाळच्या इंजिनिअरिंग कॉलेजात नेटवर्क शिकवणाऱ्या मास्तरांनी फळ्यावर चौकोन काढून मेसेजचा हेडर समजावला, तेव्हा वर्ग जांभया देत होता आणि मला हसू येत होतं. हेडर म्हणजे मेसेजचं डोकं. मजकुराच्या आधी यंत्र सांगतं, मी अमुक, माझा नंबर अमुक, माझा निरोप इतक्या बाइटचा आहे. बाइट म्हणजे एक खण, त्यात शून्यापासून दोनशे पंचावन्नपर्यंतचा आकडा मावतो. आकडा त्याहून मोठा असला की दोन खण लागतात, आणि तिथून भांडण सुरू होतं: मोठा खण आधी पाठवायचा की बारका? काही यंत्रं अशी, काही तशी. नेटवर्कचा ठरलेला रिवाज मोठा आधी. "हे तर आमचे बाबा रोज करतात," मी शेजारच्या मुलीला म्हणाले. तिला वाटलं मी थापा मारतेय.

परीक्षेत त्या प्रश्नाला मला पैकीच्या पैकी गुण होते. हे मुद्दाम सांगते, कारण पुढं जे झालं ते अडाणीपणानं झालं असं कुणी समजू नये. शिकलेल्या माणसानं केलं ते.

पुण्यात मी एका बारक्या कंपनीत लागले. पाच माणसं आणि एक चहाची किटली. यंत्रांकडून येणारे मेसेज वाचणारे प्रोग्राम लिहायचे, हे माझं काम. दोन वर्षांनी कंपनीला लहान नद्यांवरच्या पाणी मोजणाऱ्या यंत्रांचं काम मिळालं, आणि पुलांची यादी आली त्यात आमच्या गावचा पूल होता. मी खुर्चीतून उठून नाचायचीच बाकी राहिले होते.

बाबांनी बोरी अरबच्या बाजारात भेटेल त्याला सांगितलं, पुलावरची मशीन माह्या पोरीनं बनवली. मला लाज वाटली. मी फोनवर म्हणाले, "बाबा, मशीन म्या नाही बनवली. ते बाहेरून येते. तिनं धाडलेलं मले फक्त वाचा लागते."

"मंग तेच तं काम हाय," बाबा म्हणाले. "नदी काई म्या बनवली हाय का? म्या बी वाचतोच."

यंत्र आलं. बॅटरी वाचावी म्हणून ते दिवसातून दोनदाच मेसेज पाठवणार होतं, सकाळी आठला आणि संध्याकाळी आठला. त्याच्यासोबत माहितीपुस्तिका होती ती झेरॉक्सची झेरॉक्स, आणि मेसेजमध्ये कुठल्या खणात काय आहे ते सांगणारं नेमकं पान अर्धंच उमटलं होतं. बनवणाऱ्यांना मी तीनदा लिहिलं. उत्तर नाही. इकडे कंपनीचे साहेब रोज विचारणार, झालं का. मग मी आलेले मेसेजच समोर मांडले आणि आपल्या अकलेनं लावायला बसले.

बारा खणांची रांग होती. पहिले दोन खण नेहमी तेच, म्हणजे इथून निरोप सुरू. पुढं यंत्राचा नंबर: सात, शून्य. मग लांबी: बारा, शून्य. मग घड्याळाचे चार खण. त्या चारही खणांत आकडे भरलेले होते, शून्य कुठंच नव्हतं. ते मी सोडून दिले, कारण मेसेज पोचला ती वेळ मला पुरेशी होती. शेवटी पाण्याची उंची, सेंटिमीटरमध्ये: चाळीस, शून्य. दुसऱ्या दिवशी अडतीस, शून्य. जिथं बघावं तिथं एक आकडा आणि त्याच्या मागं शून्य.

डोकं ठिकाणावर असतं तर कळलं असतं की हे यंत्र बारका खण आधी पाठवतंय आणि मोठा मागून, आणि मोठ्यात ठेवायला अजून काही नाही म्हणून तिथं शून्य आहे. ज्या चार खणांत उत्तर होतं ते तर मी फेकून दिले होते. मी ठरवलं की शून्य म्हणजे दोन आकड्यांमधली नुसती भिंत आहे. उंचीचा पहिला खण घ्यायचा, दुसरा सोडायचा. अख्ख्या उन्हाळ्याचे मेसेज पाहिले, शून्य एकदाही हललं नाही.

तरी मनात पाल चुकचुकली. त्या शून्याच्या जागी कधी काही आलं तर? मी हिशोब केला. एका खणात दोनशे पंचावन्न मावतात. दोनशे पंचावन्न सेंटिमीटर म्हणजे मी हात वर करून उभी राहिले तरी वर उरेल इतकं पाणी. आमच्या नदीला? जिच्या पात्रात उन्हाळ्यात लोक टरबूज-खरबुजांची डांगरवाडी लावतात त्या नदीला? मी तिला लहानपणापासून बघत आलेय, भर पावसाळ्यात गुडघा, मांडी, फार झालं तर छाती. नाही येत तेवढं पाणी, मी मनाशी म्हणाले, आणि कामाला लागले. ही चूक आमच्या मुलखातलं माणूसच करू जाणे. कोकणातल्या कुणी तो प्रोग्राम लिहिला असता तर त्यानं आधी पुराला जागा ठेवली असती. मी कोरडवाहू हिशोब केला.

एक फोन करायचा होता फक्त. बाबा, पट्टीवर सगळ्यात वरचा कोणता आकडा पाहिलात? त्यांनी जागच्या जागी सांगितलं असतं. माझ्या जन्माच्या साली पाणी तीन मीटरला टेकलं होतं, हे त्यांनी मला लहानपणी शंभरदा ऐकवलं होतं. पण बापानं सांगितलेली ती गोष्ट होती, तिच्यात आकडा आहे हे माझ्या लक्षातच आलं नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, म्हणतात ते खोटं नाही.

पहिले दोन पावसाळे छान गेले. यंत्रावर भरवसा बसेपर्यंत बाबांनीही वाचत राहावं असं ऑफिसनं सांगितलं होतं. सकाळी आठ वाजून पाच मिनिटांनी ते पुलावरूनच मला मोबाईल लावायचे, ऑफिसच्याही आधी.

"माहं एक, शून्य, चार. तुहं?"

"एकशे तीन, बाबा."

"एक सेंटिमीटर कोनाचं चुकलं?"

"लाटेचं."

ते हसायचे, मी हसायचे. एरवी बाप-लेकीनं रोज काय बोलावं? बाबा फोनवर कधी "जेवली का" यापुढं गेले नव्हते. त्या दोन पावसाळ्यांत आम्ही रोज बोललो, आणि मला त्याचं अजून अप्रूप आहे. काही लोकांना बापाचं प्रेम शब्दांत मिळतं. मला ते तीन आकड्यांत मिळालं, आणि मला पुरत होतं.

तिसऱ्या पावसाळ्यात, पोळा होऊन आठवडा झाला होता. वरच्या अंगाला रात्रभर पाऊस झाला होता म्हणे. पुण्यात मला त्याची खबर नव्हती. आठ वाजून पाच मिनिटांनी फोन आला.

"तीन. एक. दोन." बाबा ओरडत होते. मागं घों घों आवाज. "लिहिलं का? वाचून दाखव मले."

माझ्या पुढ्यात स्क्रीन होती. काल संध्याकाळी एकशे दहा. आज सकाळी छप्पन.

"बाबा, छप्पन हाय."

"काय छप्पन?"

"पानी. छप्पन सेंटिमीटर. काल एकशे दहा होतं, रात्रीतून उतरलं."

"उतरलं? माय, कमानीखाली हातभर जागा नाही उरली इथी! म्या तीन खेपा वाचलं."

"मंग वरचा खांब वाचला असन तुमी. चष्मा होता का डोयावर?"

"चष्म्याचं काय काम हाय? मीटर मीटरचे आकडे हायेत, वावरातून दिसतीन."

मला मीटिंगला जायचं होतं. स्क्रीन माझी होती, प्रोग्राम माझा होता, दोन वर्षं एका सेंटिमीटरच्या पुढं चुकला नव्हता. मी म्हणाले, "मशीनले मोतीबिंदू नाही होत, बाबा."

पलीकडे फक्त पाण्याचा आवाज राहिला. मग ते म्हणाले, "बरं." आणि फोन ठेवला. वाचून दाखव, असं दुसऱ्यांदा म्हणाले नाहीत.

तो आवाज मी ऐकला होता. छप्पन सेंटिमीटर पाणी असा आवाज करत नाही, हे नदीकाठच्या पोरीला कुणी शिकवावं लागत नाही. दोनशे कोसांवर बसून मी उंटावरून शेळ्या हाकत होते, आणि नदीपाशी उभ्या असलेल्या माणसाला सांगत होते की नदीत पाणी नाही.

आमची नदी जशी चढते तशीच उतरते. संध्याकाळच्या मेसेजमध्ये नव्वद आलं. एकशे दहा, छप्पन, नव्वद. बघणाऱ्याला त्यात खटकण्यासारखं काहीच नव्हतं. खटकत होता तो फक्त बाबांचा तीनशे बारा.

आठ दिवसांनी तालुक्याहून साहेब आले. हे मला आईनं सांगितलं. साहेब पुलावर गाडीतून उतरले नाहीत, काचेतूनच त्यांनी खाली पाहिलं. मधल्या पावसानं खांबावरची चिखलाची रेघ धुऊन गेली होती. बाबांनी बाभळीत अडकलेला काडीकचरा दाखवला, तर साहेब म्हणाले तो मागचा असेल. मग त्यांनी वही मागितली आणि तीन-बारासमोर लाल शाईनं प्रश्नचिन्ह काढलं. पुढच्या पावसाळ्याच्या आधी पत्र आलं की आता यंत्र आहे, पट्टी वाचायची गरज नाही. ते तर कधीतरी येणारच होतं. पण पत्र येण्याच्या कितीतरी आधीच बाबांचं नदीवर जाणं बंद झालं होतं.

त्यानंतर त्यांनी डोळ्यांचं मनावर घेतलं. शिबिरातल्या डॉक्टरांनी सांगितलं की मोतीबिंदू अजून पिकलेला नाही, घाई नको. बाबा म्हणाले, काढूनच टाका. दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन करून घेतलं. नजर लख्ख झाली, आईला सुईत दोरा तेच ओवून द्यायचे. पण भिंतीवरचं घड्याळ समोर असताना विचारायचे, किती वाजले गं. एकदा नेरच्या बसस्टँडवर मी त्यांच्यासोबत होते. गाडीच्या कपाळावर यवतमाळ असं हातभर अक्षरांत लिहिलेलं, आणि बाबांनी तीन जणांना विचारलं, ही यवतमाळची हाय का? बेरीज पडताळून पाहावी तसं तिघांचं एकच उत्तर आल्यावर मगच चढले. आई मला हळूच म्हणाली, "ह्यायले दिसते सगळं. पटत नाही काई."

मी त्याला वय म्हणत होते. बरं असतं वय म्हणणं, त्यात आपला हात नसतो.

दोन वर्षांनी मारेगावच्या पलीकडच्या एका पुलावरून तक्रार आली. तिकडची नदी मोठी. यंत्र दोनशे एकावन्न दाखवतं, दोनशे चौपन्न दाखवतं आणि मग एकदम तीनवर येतं, असं कसं? मी माझा जुना प्रोग्राम उघडला. ती ओळ समोर आली, पहिला खण घे, दुसरा सोड.

आमच्याकडे तूर मोजताना दोन माणसं बसतात. एक जण पायलीचं माप भरभरून ओततो. पहिल्या पायलीला एक म्हणत नाही, लाभ म्हणतो, मग दोन, तीन. वीस झाल्या की दुसरा एक खडा बाजूला ठेवतो आणि पहिला पुन्हा लाभापासून सुरू करतो. शेवटी खडे मोजल्याशिवाय रास किती ते कळत नाही. बारका खण म्हणजे पायली, मोठा खण म्हणजे खडे. दोनशे छप्पन झाले की तिथं एक खडा पडतो आणि पायली शून्यावर येते. मी वर्षानुवर्षं पायल्या मोजत होते आणि खडे फेकून देत होते. लहानपणी आमच्या घरी खडे ठेवायचं काम माझंच होतं.

मी हाताशी असलेल्या कागदावर तीनशे बारातून दोनशे छप्पन वजा केले. छप्पन उरले.

पुन्हा केले. छप्पनच उरले. मला तिथंच रडू फुटलं, आणि शेजारच्या टेबलावरच्यानं विचारलं, घरी काही झालं का. हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

प्रोग्राम दुरुस्त करायला पाच मिनिटं लागली. एक ओळ. बाकीचं काहीच दुरुस्त झालं नाही. यंत्राकडून आलेले मूळ मेसेज आम्ही ठेवतच नव्हतो, त्यातून काढलेला आकडा तेवढा ठेवायचो, त्यामुळं त्या सकाळचा दुसरा खण कायमचा गेला होता. कंपनीच्या साहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, जुनं उकरू नकोस, एक काढलं तर सगळंच निघेल. मी ऐकलं नाही, स्वतःच्या नावानं तालुक्याच्या ऑफिसला अर्ज केला. तिथले साहेब बदलून गेले होते. नव्या बाबूनं अर्ज शांतपणे वाचला, अगदी सभ्य माणूस होता तो, आणि मला फोन करून विचारलं, "ताई, पन पुरावा काय? यंत्रानं काय पाठवलं होतं ते तं तुमच्याकडेही नाही." मी म्हणाले, वही आहे. वडिलांच्या हातची वही, त्याच दिवशी लिहिलेली. "मंग आना," तो म्हणाला. "मूळ नोंद दाखवा, मी टिपण लावतो."

खरं सांगायचं तर त्या आकड्यावर कुणाचं काही अडलेलं नव्हतं. त्या पुलाला, त्या नदीला, ऑफिसला कशालाच काही फरक पडणार नव्हता. तो फक्त बाबांचा होता. आयुष्यभर वाचलेल्या पाण्यातला त्यांचा सगळ्यात मोठा आकडा, आणि तो मी खोटा ठरवला होता. तो एवढा परत मिळाला तर बाबा पुन्हा स्वतःच्या डोळ्यांनी घड्याळ बघतील, अशी माझी आशा होती.

दुसऱ्याच दिवशी गाडी धरली. घरी पोचले तर बाबा ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. सोललेल्या शेंगेत दाणा राहिला नाही ना, हे आईला दाखवून विचारत होते. मी पाणीही न पिता ट्रंक उघडली. वह्या जशाच्या तशा होत्या, वर्षावर्षाच्या, सुतळीनं बांधलेल्या. त्या सालची काढली, पोळ्याच्या पुढचं पान उघडलं.

लाल प्रश्नचिन्ह होतं. त्याच्यापुढं तीन-बारा नव्हतं. आडव्या दोन रेघा मारून ते खोडलं होतं, आणि वर बाबांच्या टपोऱ्या अक्षरात, एकेक आकडा सुटा करून लिहिलं होतं: ०. ५. ६. समासात 'दुरुस्त' असं लिहून खाली त्यांची सही होती, आणि सहीवर ऑफिसचा शिक्का.

मी वही तशीच ओसरीवर आणली. "बाबा, हे कोनं केलं?"

त्यांनी पाहिलं, ओळखलं. "म्याच केलं."

"काहून?"

"साहेब म्हणले, दोघायपैकी एक खोटं हाय. वही खरी म्हणान तं मशीनवाल्यायले लिहा लागते, ज्यानं बनवलं त्याले जबाब द्या लागते." त्यांनी एक शेंग उचलली. "म्या म्हणलं, मशीन तं माह्या पोरीची हाय. तवा चुकलं असन तं माहंच चुकलं असन. ऑफिसात जाऊन शिक्का मारून आणला."

आई शेंगा सोलायची थांबली. तिलाही हे माहीत नव्हतं.

मी त्यांच्यापुढं बसले आणि सगळं सांगितलं. खण, खडे, पायली. खरोखरच शेंगांचे दाणे मोजून दाखवले. तीनशे बारातून दोनशे छप्पन गेले की छप्पन राहतात, मशीननं बरोबर पाठवलं होतं, म्याच अर्धं वाचलं, बाबा. तुमी बरोबर होते. तीन-बाराच होतं. मी माफी मागितली, मोतीबिंदूच्या त्या शब्दाची वेगळी मागितली.

बाबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. "कायले माहं मन राखून राह्यली माय," ते म्हणाले. "मले बी आता आठोते ना. छप्पनच होतं. घाईत वरचा खांब वाचला म्या."

"नाही बाबा, ते म्या म्हणलं होतं. वरचा खांब म्या म्हणलं होतं!"

"तेच तं," बाबा म्हणाले. "तुले तिथून दिसलं."

मी दोन दिवस राहिले. दोन दिवस तेच तेच सांगितलं, आधी रडून, मग चिडून. चिडल्यावर तर त्यांची खात्रीच पटली की पोरगी बापाचं मन राखायला खोटं बोलते आणि ते जमत नाही म्हणून चिडते. खोडलेल्या नोंदीवर बाबूनं टिपण लावलं नसतं, हे मला कळत होतं. ऑफिसचं मी सोडून दिलं. ज्याचा आकडा होता त्यालाच तो नको होता.

निघायच्या दिवशी सकाळी आठला मी त्यांना पुलावर घेऊन गेले. ते नको म्हणत होते, पण आले. पाऊस सरला होता, पाणी नितळ होतं, पट्टी स्वच्छ दिसत होती. काठावरच्या पायऱ्यांवर आम्ही दोघं उभे राहिलो. पाणी बेचाळीसच्या रेघेवर होतं. मलाही दिसत होतं, त्यांना माझ्याहून चांगलं दिसत असणार.

"वाचा ना, बाबा."

"तुह्या मोबाईलवर काय हाय?"

"तुमी वाचा आधी."

"तू सांग," बाबा म्हणाले. "मंग मी पाह्यतो."

तेव्हा माझं डोकं फिरलं. म्हटलं, खोटं सांगू या. डोळ्यांसमोरचं पाणी आणि कानावरचा आकडा यांत वीतभर फरक पडला की आयुष्यभराची सवय उसळून येईल, मला शिव्या घालतील, घालू देत. मी मोबाईलकडे पाहिल्यासारखं केलं आणि त्यांच्याच पद्धतीनं म्हणाले, "शून्य. सहा. दोन. आता मले वाचून दाखवा."

बाबांनी पट्टीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. ओठ हलले. एकदा माझ्याकडे बघितलं, पुन्हा पट्टीकडे.

"शून्य. सहा. दोन," बाबा म्हणाले. "बरोबर हाय."

पाणी बेचाळीसच्या रेघेवर होतं.